थंड हवा, गरम हवा

गेजवरच्या नुसत्या आकड्यावर माझा भरवसा नाही. टायर गार आहे की तापलेला, आणि त्याच्यावर ओझं किती पडणार, हे कळल्याशिवाय तो आकडा कामाचा नसतो. टेंभुर्णीला पुणे-सोलापूर हायवेलगत माझं टायरचं दुकान आहे. इथून पंढरपूरचा रस्ता फुटतो, कुर्डुवाडी-बार्शीचा फुटतो, आणि पुण्याहून हैदराबादला निघालेली गाडीही इथूनच पुढे जाते. त्यामुळे उसाच्या ट्रॉलीपासून स्पोर्ट्स कारपर्यंत सगळ्या टायरांना माझा हात लागलेला आहे. हवा कोणीही भरेल. ती कधी मोजायची, हे कळायला मात्र वर्षं जावी लागतात.

गाळप हंगाम सुरू झाला की आमच्याकडे दिवस-रात्र असा फरक राहत नाही. पिंपळनेरच्या विठ्ठलराव शिंदे कारखान्याकडे आणि आसपासच्या इतर कारखान्यांकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रांगेनं जातात. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरांत वजनासाठी पाणी भरलेलं असतं. रानात पकड मिळावी म्हणून हवा कमी ठेवलेली असते, आणि रानात ते बरोबरच आहे, कारण कमी हवेचा टायर मातीवर पसरून बसतो. पण तोच टायर ओझ्यासकट डांबरीवर आला की गणित बदलतं. प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजू दबते आणि पुन्हा सरळ होते. तारेचा तुकडा एकाच जागी मागे-पुढे वाकवत राहिलं की तो चटका बसेल इतका तापतो, तसंच इथे होतं. ही उष्णता आतले थर एकमेकांपासून सोडवते. मग फुगा येतो आणि टायर फुटतो. लोक म्हणतात, उन्हानं फुटला. ऊन निमित्ताला असतं. बहुतेक वेळा खरं कारण कमी हवा आणि जादा ओझं हेच असतं.

उन्हाचा हिशेबही करायलाच हवा. कारच्या टायरात तापमान साधारण सहा अंशांनी वाढलं की एक पौंड हवा वाढते. डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांना भरलेली ३२ पौंड हवा मे महिन्यातल्या ४० अंशांच्या दुपारी, गाडी जागची न हलता, ३६ दाखवते. उलट मे महिन्यात दुपारी ३२ भरून जो विसरला, त्याच्या टायरात डिसेंबरच्या पहाटे २८ च उरते. वॉल्व्हमधून हळूहळू जाते ती वेगळीच.

म्हणून लांबून तापून आलेल्या गाडीचा चालक जेव्हा म्हणतो, “हवा वाढलीय, थोडी काढा,” तेव्हा मी काढत नाही. दाराच्या चौकटीवर कंपनीनं चिकटवलेला आकडा थंड टायरचा असतो. चालताना हवा वाढणार, हे त्यात धरलेलं असतं. गरम टायरची हवा काढली तर गार झाल्यावर ती कमी पडते, टायर जास्त दबतो आणि पुढच्या प्रवासात आणखी तापतो. चालकाला हे पटवणं माझ्या कामाचा अर्धा भाग आहे. काही जण रागावून पुढच्या दुकानात जातात, तरी मी काढत नाही.

ट्रॅकवर मात्र हाच नियम उलटा करावा लागतो. माझ्याकडे टायर बदलायला येणाऱ्या एका तरुणानं मला इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर सोबत नेलं. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. तिथे थंड हवेचा आकडा कोणी विचारत नाही. गाडी पिटमध्ये परत येते त्या क्षणी गेज काय दाखवतं, ते महत्त्वाचं. वळणावर जोर देऊन, ब्रेक दाबून टायर एवढा तापतो की आतली हवा २५ अंशांवरून ८५ ला जाऊ शकते. ३२ भरून निघालं तर ती ४१ च्या वर पोचते. मग टायर मधोमध फुगतो, रस्त्याला मधलाच पट्टा टेकतो आणि गाडी वळणात बाहेर सरकू लागते. तोच टायर २७ वर सोडला तर ३५ च्या आसपास येतो. रस्त्यावरच्या टायरांना बहुधा ३४ ते ३८ च्या मध्ये कुठेतरी बरं वाटतं. नेमका आकडा टायर आणि गाडीप्रमाणे शोधावा लागतो. सुरुवातीला हवा कमी असते, म्हणून पहिल्या दोन फेऱ्या सावकाश काढायच्या. थंड, मऊ टायरवर एकदम जोर दिला तर तो रिमवर हलतो.

शोधायची साधनं साधी आहेत. निघण्याआधी टायरच्या कडेवर खडूची रेघ मारायची. परत आल्यावर रेघ कुठपर्यंत पुसली ते बघायचं. साईडवॉलवर खाली उतरली असेल तर हवा कमी, नक्षीच्या कडेलाही पोचली नसेल तर जास्त. मग सुईचा तापमापक आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्यात खुपसायचा. मध्य जास्त गरम असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा गरम तर हवा कमी. चाक वरून आत झुकवलेलं असेल तर आतली कड थोडी गरम येणारच. हे सगळं गाडी थांबताच, रोज त्याच क्रमानं करायचं. दोन मिनिटं गप्पा मारत थांबलात तर आकडे बिनकामाचे. चारही टायर सारखे ठेवायचे, हा आग्रहही तिथे सोडावा लागतो. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. अशा ट्रॅकवर उजवीकडची वळणं जास्त असतात, म्हणून डावीकडचे टायर जास्त तापतात आणि त्यांना निघताना थोडी कमी हवा द्यावी लागते. आणि गाडी उभी करताना एक बाजू उन्हात ठेवून मोजू नये, त्या बाजूचा आकडा फसवा येतो.

नायट्रोजनबद्दल लोक फार विचारतात. तापल्यावर तोही हवेसारखाच फुगतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्याचा खरा फायदा कोरडेपणाचा आहे, कारण पाण्याची वाफ दाब आपल्या मर्जीनं वाढवते. ज्या दुकानात कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी खालच्या नळानं सोडतात, त्या दुकानातली साधी हवाही पुष्कळ कोरडी असते. पावसाळ्यात तर ते पाणी सोडलंच पाहिजे.

ट्रॅकवर जाणाऱ्या पोरांना माझी एकच विनंती आहे. शेवटची फेरी संपल्यावर टायर पूर्ण गार होऊ द्या आणि दाराच्या चौकटीवरच्या आकड्यापर्यंत हवा भरूनच घरचा रस्ता धरा. ट्रॅकसाठी कमी केलेली हवा घेऊन, सामान आणि चार माणसं भरून रात्रीच्या हायवेला लागू नका.