तीन अक्षरी अवजार

आज जरा शब्दकोड्याबद्दल लिहितो, पण शेवटी येणार रानातच.

परवाच्या पेपरातल्या कोड्यात सूचना होती, 'शेतीचे एक अवजार', तीन अक्षरी. आता काय लिहायचं सांगा. नांगर तीन अक्षरी, वखर तीन, पाभर तीन, तिफण तीन. खुरपे, फावडे, कुदळ सगळी तीनच. आडव्या शब्दातून मधलं अक्षर 'ळ' मिळालं. तरी प्रश्न राहिलाच, कुळव का कोळपे?

कोडं रचणाऱ्याला दोन्ही सारखीच. आपल्याला नाहीत. कुळव पेरणीआधी ढेकळं फोडतो, रान भुसभुशीत करतो. कोळपं उभ्या पिकात दोन ओळींमधून चालतं, तण काढतं. उभ्या पिकात कुळव घातला तर पीकच उपटून येईल. 'उभ्या पिकातले तण काढायचे औत' एवढं लिहिलं असतं तर भागलं असतं.

दुसऱ्या एका कोड्यात 'कडधान्य', चार अक्षरी. हरभरा बरोबर बसतो. उत्तर छापलं होतं भुईमूग! नावात मूग आहे म्हणून तो कडधान्य होत नाही. शेंगवर्गीय आहे हे खरं, पण आपण त्याला तेलबियांत धरतो.

कोडं अवघड असल्याची तक्रार नाही. अवघड सूचनेवर दोन दिवस डोकं खाजवायला मजा येते. पण उत्तर कळल्यावर 'अरे, हेच असणार' वाटलं पाहिजे. 'मग हेच का?' असं वाटलं तर सूचना कच्ची.

आता रानात येऊ. 'सोयाबीन पिवळं पडलंय, काय मारू?' असा फोटो येतो, तो याच जातीचा. खालची जुनी पानं आधी सरसकट पिवळी पडत असतील तर नत्राकडे बोट जातं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता, चुनखडीच्या रानात हे जास्त. पानावर पिवळे-हिरवे चट्टे असतील तर पिवळा मोझॅक, तो पांढरी माशी पसरवते. पाणी साचून मुळं गुदमरली तरी पीक पिवळंच दिसतं. शब्द एकच, 'पिवळं', उत्तरं चार. प्रत्येकाचा इलाज वेगळा. नुसत्या फोटोवर दुकानदार जे देईल ते मारलं, तर पैसे जातात आणि रोग तिथंच राहतो.

म्हणून फोटोसोबत चार गोष्टी लिहाच. पान वरचं का खालचं? शिरा हिरव्या आहेत का? सगळं रान पिवळं का ठिकठिकाणी? पाणी साचलं होतं का? एवढं कळलं की सल्ला देणाऱ्यालाही अंदाजपंचे बोलावं लागत नाही.