मानेचे दुखणे आणि बोटांची भाषा

मराठीत ‘मान’ हा शब्द अवयवाचाही आहे आणि प्रतिष्ठेचाही. मोठ्यांपुढे आपण मान तुकवतो, संकटात मान ताठ ठेवतो, गाणे आवडले की मान डोलावतो. ती धडधाकट असते तोवर तिच्याकडे आपले लक्षही जात नाही. दुखू लागली की मात्र उशी, पंखा, फोडणीची कढई, देवघरातली समई अशी प्रत्येक वस्तू तिचीच आठवण करून देते. माझ्या वाट्याला हे दुखणे अकरा वर्षे होते. वयाच्या ६७ व्या वर्षी मानेवर शस्त्रक्रिया झाली, त्याला आता दोन वर्षे झाली. या वाटेवर उभ्या असलेल्या समवयस्कांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना काही उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

मी साताऱ्यात मुलींच्या शाळेत ३१ वर्षे शिवणकाम शिकवले. शिवणयंत्रावर वाकलेली मान आणि सुईच्या टोकावर खिळलेली नजर, हीच माझी नेहमीची बैठक होती. माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे असते आणि मान जितकी पुढे झुकते तितका मानेच्या स्नायूंवर व मणक्यांवर पडणारा भार वाढतो. मानेत सात मणके असतात. पहिल्या दोन मणक्यांचा अपवाद सोडला तर प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक लवचीक चकती असते. वयाबरोबर या चकत्यांतील पाण्याचा अंश घटतो, त्या चपट्या होतात आणि कडेने हाडांची टोके वाढतात. पन्नाशी-साठीनंतर हे बदल बहुतेकांच्या क्ष-किरण चित्रात दिसतात आणि त्यांतील अनेकांना काही त्रासही नसतो.

मला तो होता. मान, उजवा खांदा आणि तेथून दंडावरून अंगठ्यापर्यंत उतरणारी, गरम सळई फिरवावी तशी कळ. शेक, व्यायाम, गोळ्या, उशीची उंची बदलणे हे सारे यथासांग झाले. त्याने वेळोवेळी आरामही पडला. मानेच्या दुखण्याने त्रस्त झालेल्या बहुसंख्य लोकांना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. काही आठवडे वा महिने नीट उपचार केल्यावर त्यांचे दुखणे आटोक्यात येते. म्हणून या लेखाचा अर्थ ‘मान दुखते, तर कापून घ्या’ असा कुणी कृपा करून घेऊ नये.

माझ्या बाबतीत निर्णय वेदनेने घेतला नाही, बोटांनी घेतला. एका दिवाळीच्या सुमारास नातीच्या परकराला काजे करायला बसले आणि सुईत दोरा ओवता येईना. चष्मा बदलला, तरी येईना. दोरा दिसत होता, पण बोटे तो नेमका धरत नव्हती. पुढील काही आठवड्यांत पोलक्याच्या गुंड्या लावायला वेळ लागू लागला, अक्षर बिघडले, चालताना उजव्या पायातली चप्पल निसटू लागली आणि जिना उतरताना कठडा धरावासा वाटू लागला. गंमत अशी की या काळात वेदना पूर्वीपेक्षा कमीच होती.

अस्थिरोगतज्ज्ञांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, मधल्या बोटाचे नख टिचकीने झटकले, मागच्या पायाच्या चवड्याला पुढच्या पायाची टाच लावून सरळ रेषेत चालायला सांगितले. मग एमआरआय झाला. पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधील चकत्या मागे सरकून मज्जारज्जूवर दाब देत होत्या. मणक्यातून बाहेर पडणारी एखादी नस दबली, तर हातात कळ येते, मुंग्या येतात. पण मेंदूपासून खाली उतरणारा मुख्य मज्जारज्जू दबला, तर हातांचे कौशल्य, पायांचा तोल आणि पुढे लघवीवरील ताबाही हळूहळू जाऊ शकतो. हा दुसरा प्रकार अनेकदा फारसा न दुखताच वाढतो. घरातल्या वृद्ध माणसाचे धडपडणे ‘वय झाले’ म्हणून सोडून देण्यापूर्वी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.

शल्यविशारद मितभाषी, पण स्पष्ट होते. ते म्हणाले, “बाई, ही शस्त्रक्रिया बिघाड थांबवण्यासाठी आहे. हाताची कळ बहुधा जाईल. बोटांतले गेलेले किती परत येईल, ते आज सांगता येणार नाही. आणि मानेचे दुखणे थोडेफार राहील, असे धरूनच चाला.” दुसऱ्या तज्ज्ञांचेही मत घेतले, ते याहून वेगळे नव्हते. इकडे आप्तेष्टांचा सूर मात्र एकच: “मानेला हत्यार लावून घेऊ नका, अंथरुणाला खिळाल.” भीती मलाही होती. पण माझे यजमान एका रात्री शांतपणे म्हणाले, “अगं, न करण्यातही धोका आहेच. तो फक्त आवाज करत नाही.” त्यानंतर मी होकार दिला.

तयारीला तीन आठवडे मिळाले. मधुमेह असल्याने साखर आटोक्यात आणली. रक्त पातळ करणारी गोळी केव्हा थांबवायची, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवले. तंबाखू आणि धूम्रपान यांनी हाडे जुळण्यात अडथळा येतो, असे डॉक्टर प्रत्येक रुग्णाला बजावत होते. घरात रोज लागणारे डबे वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आले, न्हाणीघरात धरायला दांडी बसली आणि दारातली सरकणारी पायपुसणी उचलली गेली.

मानेचे ऑपरेशन मागून होत असेल, अशी माझी समजूत होती. माझे झाले गळ्याच्या पुढून. त्वचेच्या नैसर्गिक घडीत छोटा छेद घेऊन, श्वासनलिका आणि अन्ननलिका हळुवार बाजूला सारून, मणक्यांपर्यंत पोहोचतात. झिजलेली चकती व दाब देणारी हाडाची टोके काढतात. मोकळ्या जागेत हाडाचा चुरा भरलेला छोटा पिंजरा बसवून धातूची पट्टी स्क्रूंनी घट्ट करतात. पुढील काही महिन्यांत ते मणके एकमेकांशी जुळून एकसंध व्हावेत, असा हेतू असतो. शिवणाऱ्या बाईच्या भाषेत सांगायचे तर पट्टी आणि स्क्रू हा कच्चा धावदोरा. पक्की टीप शरीरच घालते, आणि ते आपल्या गतीनेच घालते.

शुद्धीवर आल्यावर दंडातली कळ नव्हती. अकरा वर्षांनी उजवा हात शांत होता. मात्र गळ्यात गोळा अडकल्यासारखे होते, आवाज घोगरा झाला होता आणि पाण्याचा पहिला घोट गिळताना डोळ्यांत पाणी आले. पुढून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर असे अनेकांना होते आणि बहुतेकांचे काही दिवसांत वा आठवड्यांत निवळते. मी आठवडाभर पेज, मऊ भात आणि सरसरीत वरण यांवर होते. आवाज पूर्ववत व्हायला दोन महिने लागले. एक गोष्ट मात्र परिचारिकेने यजमानांकडून दोनदा वदवून घेतली: गळ्याची सूज वाढली, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, हातपायांतली ताकद कमी झाली, ताप आला किंवा जखम वाहू लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

घरी आल्यावर खरे काम सुरू झाले, आणि त्यातले निम्मे यजमानांचे होते. अंथरुणातून उठताना मान न पिळता सगळे अंग एकदम कुशीवर वळवायचे, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या आधाराने उठायचे, हे दोघांनी मिळून शिकलो. मला हात डोक्यापर्यंत नेता येत नव्हता. ७१ वर्षांचे माझे यजमान, ज्यांनी आयुष्यभर बँकेत आकडे जुळवले, ते माझी वेणी घालू लागले. पहिली वेणी संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. पंधरा दिवसांनी ती बरी येऊ लागली, पण त्याच सुमारास त्यांची कंबर धरली. तेव्हा माझी नणंद आठवडाभर राहायला आली आणि शेजारच्या सूनबाईंनी दुपारचे दोन तास बसायचे मान्य केले. त्या दोन तासांत यजमान बाहेर फिरून येत, मित्रांशी बोलत. शुश्रूषा करणाऱ्याची विश्रांती ही रुग्णाच्या उपचाराचाच भाग आहे, हे त्या दिवसांत घराला कळले.

पाचव्या आठवड्यात मन खचले. खांद्यांच्या पात्यांमध्ये ठणका सुरू झाला, बोटे बधिरच होती आणि रात्री झोप येईना. “एवढे करून मिळवले काय?” असे मी विचारू लागले. डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले, की मणक्यांमधले अंतर बदलल्याने स्नायू दुखतात. नसांचे भरून येणे महिन्यांच्या मापाने मोजायचे असते. फिजिओथेरपिस्टने परातीत राजमा आणि तूरडाळ मिसळून निवडायला दिली. मग फडक्यावर शिवलेल्या मोठ्या गुंड्या, त्यानंतर लहान. मी वहीत ‘आज किती दुखले’ हे लिहिणे सोडून ‘आज काय जमले’ हे लिहू लागले. ‘चहाचा कप एका हाताने.’ ‘गल्लीच्या टोकापर्यंत, काठीविना.’ ‘पोलक्याच्या चार गुंड्या.’

सहा महिन्यांच्या क्ष-किरणात मणके जुळत असल्याचे दिसले. मान डावी-उजवीकडे वळवण्याची जवळजवळ निम्मी हालचाल सर्वांत वरच्या दोन मणक्यांत होते, त्यामुळे खालचे तीन मणके एक झाले तरी मान अगदीच जखडली नाही. मात्र मागे पाहायचे तर आता मी खांद्यांसकट वळते. जोडलेल्या भागालगतच्या चकत्यांवर पुढे ताण येऊ शकतो, म्हणून चालणे आणि मानेचे व्यायाम आयुष्यभराचे.

हिशेब मांडायचा तर असा. हाताची कळ गेली, तोल परतला, जिना पुन्हा माझा झाला, रात्रीची झोप मिळाली. तर्जनीचे टोक अजून बधिर आहे आणि थंडीच्या सकाळी मान आखडते. सुईत दोरा नात ओवून देते. काजे मी करते, पण ती पूर्वीसारखी एकसारखी येत नाहीत. शाळेत असते तर अशा काजांना मी दहापैकी सहा गुण दिले असते.

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या वाचकांनी डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत: दाब नसेवर आहे की मज्जारज्जूवर? शस्त्रक्रिया न केल्यास काय होऊ शकते? आणि केल्यावरही काय राहील? या तिसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर मला आधी मिळाले होते. म्हणूनच दहापैकी सहा गुणांची काजे मी आज समाधानाने करू शकते.