नानांचा स्क्रू पाना

1980च्या दशकात पीथमपूर उभं राहिलं आणि इंदूरच्या मराठी घरांतली कितीतरी माणसं गिरणीचा भोंगा सोडून कंपनीच्या बसला लागली. बजाज टेम्पो, आयशर, कायनेटिक होंडा ही नावं मग जेवणाच्या पाटावरही निघू लागली. आमचे नाना त्यातलेच. सोबत नेला तो इंदूरच्या सियागंज बाजारात जुना घेतलेला स्क्रू पाना.

गिरणीतली विलायती यंत्रं इंचांची. इंग्रज अभियंता व्हिटवर्थनं 1841 साली घालून दिलेल्या मापांची. पीथमपुरातला जपानी वळणाचा माल मिलिमीटरचा. नानांच्या पान्याचा जबडा सरकणारा, म्हणून तो दोन्हीकडे चाले. तरी पोरांना ते बजावत, "फिक्स पाना असेल तर तोच घ्या. हा अडीनडीचा. आणि जोर पक्क्या जबड्यावर येऊ द्या, नाहीतर नटचे कोपरे गेलेच समजा!" खंडेनवमीला मात्र झेंडूचं पहिलं फूल ह्या अडीनडीच्या पान्यालाच.

निवृत्तीनंतर नानांना त्याचं कुळ शोधायचा नाद लागला. रॉकेलच्या चिंधीनं दांडा पुसला तेव्हा बी. ए. यॉर्ट कंपनीचा छाप उमटला. धागा थेट स्वीडनमधल्या एन्कोपिंगला पोचला. तिथल्या योहान पेटर योहानसननं 1892 मध्ये ह्या घडणीच्या पान्याचं पेटंट घेतलं. इंग्लंडात क्लायबर्नचा सरकत्या जबड्याचा पाना 1840च्या दशकापासून होताच. पण जगभर पसरली ती योहानसनची घडण. विक्री यॉर्टकडे होती, त्यांच्या आद्याक्षरांतून 'बाको' हे नाव झालं. अमेरिकेत जेम्सटाउनच्या क्रेसेंट कंपनीनं हेच हत्यार गाजवलं. नाशिकच्या टपारियानंही 1969 मध्ये स्वीडिश सहकार्यानंच हत्यारं घडवायला घेतली, हे कळल्यावर नाना खूश! "म्हणजे ह्याचे भाऊबंद नाशकात!"

अशा जुन्या पान्याच्या किमतीचं गणित मात्र रोखठोक. छाप वाचता यावा, पेटंटची तारीख असली तर उत्तम, स्क्रू अडखळू नये, जबडे फाकलेले नसावेत, मूळ मुलामा शिल्लक असावा. हातोडी म्हणून ठोकलेला किंवा ग्राइंडरवर चकचकीत केलेला पाना भंगाराच्या भावानं जातो. शिवाय असे पाने लाखोंनी बनले, त्यामुळे नानांच्या पान्यानं आम्ही काही श्रीमंत होणार नाही.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची हत्यारांची पेटी भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडा. पॉलिशपेपर लावू नका. छाप वाचा, आणि तो पाना कुणी, कुठल्या कारखान्यात चालवला हे घरातल्या जाणत्या माणसाला विचारून वहीत लिहून ठेवा. छाप पुढच्या वर्षीही वाचता येईल. माणसाला यंदाच विचारा.