एमसीएम, मोंढा आणि तीन नामदेव

आमच्या घरात माझ्या डिग्रीचं नाव आजतागायत कुणाला धड सांगता आलेलं नाही. आई "कम्प्युटरमधलं मोठं काहीतरी" म्हणायची, वडील "एम.कॉम.च, पण कम्प्युटरचं" असं सांगायचे आणि वसमतचे लोक सरळ "इंजिनिअर झालाय" म्हणून मोकळे व्हायचे. खरं नाव मास्टर इन कम्प्युटर मॅनेजमेंट, म्हणजे एमसीएम. पुणे विद्यापीठाचा (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) दोन वर्षांचा, मॅनेजमेंट शाखेतला कोर्स. इंजिनिअरिंगला न गेलेल्या, पण आयटीत शिरायचंच असं ठरवलेल्या बी.कॉम., बी.एस्सी. पोरांचं हे मागचं दार. मी २००३ ते २००५ ह्या दारात उभा होतो.

प्रवेशाच्या फॉर्मवर "जिल्हा" हा रकाना आला तेव्हाच पहिली गंमत झाली. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर परभणी आणि रहिवासी दाखल्यावर हिंगोली. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, घर मात्र तिथंच राहिलं. खिडकीतल्या बाईंना ते काही केल्या पटेना. "घर बदललं का?" "नाही मॅडम, जिल्हा बदलला." डेटाबेसच्या भाषेत ह्या प्रकाराला काय म्हणतात ते पुढे दुसऱ्या सेमिस्टरला कळलं :-)

हा विषय जगात वेगवेगळ्या नावांनी फिरतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस ह्यांनी १९६८ साली मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्सचा अभ्यासक्रम सुरू केला, तो ह्या विषयातला पहिला मानतात. जर्मन लोक त्याला विर्टशाफ्ट्सइन्फॉर्माटिक म्हणतात (हे एका दमात म्हणून दाखवावं), आणि इंग्रजीत बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम्स. नाव काहीही असो, प्रश्न एकच. धंद्यातली माहिती कुठे जन्मते, कुणाकुणाच्या हातातून जाते, कुठे अडकते आणि शेवटी पैसे कुणाच्या खात्यात पडतात.

आता हा प्रश्न मला पुण्यातल्या वर्गात पहिल्यांदा भेटला असं म्हटलं तर वसमतचा मोंढा हसेल.

शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट करायचा असतो. वर्गातल्या बहुतेकांनी लायब्ररी मॅनेजमेंट नाहीतर हॉस्पिटल मॅनेजमेंट घेतलं, कारण त्याच्या आयत्या सीड्या मिळायच्या. मी म्हटलं, आपण आडत दुकान घेऊ. वडिलांच्या ओळखीचे एक आडते होते, त्यांच्याकडे उन्हाळ्यात जाऊन बसलो. हळदीचा सीझन. फेब्रुवारी-मार्चात काढलेली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून मोंढ्यात यायला लागते. सगळीकडे पिवळी धूळ. घरी आल्यावर अंघोळीचं पाणीसुद्धा पिवळं.

पहिल्या दिवशी मला वाटलं, चार टेबलांचं काम आहे. शेतकरी, माल, खरेदीदार, पट्टी. पट्टीवर शेतकऱ्याचं नाव, गाव, कट्टे, वजन, भाव, एकूण रक्कम, त्यातून आडत, हमाली, तोलाई वजा, आणि राहिलेली बाकी. म्हटलं, आठवड्यात उरकतं. मुनीमजी माझ्या कागदावरच्या चौकोनांकडे बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "ह्याच्यात उचल कुठाय?"

उचल म्हणजे शेतकऱ्याने पेरणीला, औषधपाण्याला, कधी लग्नाकार्याला आडत्याकडून आधीच घेतलेले पैसे. म्हणजे हळद काट्यावर यायच्या आधी वर्षभर हा व्यवहार सुरू झालेला असतो, आणि पट्टीवरच्या "बाकी"चा खरा अर्थ त्या उचलीवर ठरतो. माझ्या डिझाइनमध्ये माल गेटातून आत आला की गोष्ट सुरू होत होती. मुनीमजींच्या वहीत ती आदल्या जूनमध्ये सुरू व्हायची.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. संत नामदेवांचं नरसी आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे नामदेव नावाला आमच्याकडे तोटा नाही. एकाच गावचे, एकाच आडनावाचे तीन नामदेव त्या दुकानाच्या वहीत होते. त्यातल्या दोघांच्या वडिलांचं नावही एकच! मी विचारलं, तुम्ही ओळखता कसं? मुनीमजी म्हणाले, "एक विहिरीवाला, एक वरच्या आळीचा, अन् एक बुलेटवाला." बुलेटवाल्याने बुलेट विकून चार वर्षं झाली होती हे नंतर कळलं. वहीत तो तरीही बुलेटवालाच.

ह्यालाच आम्ही वर्गात प्रायमरी की म्हणत होतो. पुस्तकात ती एका ओळीत येते. मोंढ्यात मात्र ती चुकली तर एका नामदेवाची उचल दुसऱ्याच्या पट्टीतून कापली जाते, आणि मग संध्याकाळी दुकानासमोर जे होतं त्याला कुठल्याही पुस्तकात डायग्राम नाही. मी प्रत्येक शेतकऱ्याला खाते क्रमांक दिला. मुनीमजींनी त्यापुढे आणखी एक रकाना मागून घेतला, "टोपणनाव". परीक्षकांना तो रकाना फालतू वाटला. मी काढला नाही.

पुढे नोकरीत ईआरपीकडे गेलो. एसएपी, म्हणजे १९७२ साली आयबीएम सोडलेल्या पाच जर्मन माणसांनी काढलेली कंपनी, तिच्या सॉफ्टवेअरवर पोट भरू लागलो. एका मोठ्या कारखान्याच्या (नाव नको) पहिल्याच प्रोजेक्टवर काय निघावं? एकाच पुरवठादाराची तीन खाती. एकात "प्रायव्हेट लिमिटेड" पूर्ण, एकात "प्रा. लि.", एकात नुसतं मालकाचं नाव. एक बिल दोनदा चुकतं केलेलं. कॉन्फरन्स रूममध्ये टाय लावलेली आठ माणसं डोकं धरून बसली होती, आणि मला बुलेटवाला आठवत होता.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे पुतणी. तिचं बीसीए झालंय आणि तिला एमसीए करायचंय, नाहीतर एमबीए सिस्टिम्समध्ये. दादाचं म्हणणं वेगळं. "पोरीला पुण्याला कामून धाडायचं? सगळं मोबाईलवरच शिकवू लालेत. अन् आता तर ते एआयच प्रोग्राम लिहू लालंय म्हणं." दादाचा प्रश्न गावंढळ समजून उडवून लावणारे मित्र माझ्याकडे आहेत. मला तो उडवता येत नाही. नुसतं कोडिंग येतं म्हणून नव्या पोरांना नोकरी मिळण्याचे दिवस खरंच अवघड झालेत.

पण तीन नामदेव आहेत हे मशीनला सांगायला कुणीतरी लागतंच. आणि ते सांगणारा माणूस मीटिंगमध्ये बसायला हवा, तर दारावर डिग्री विचारतात. शिकवण्याच्या बाबतीत दोन वर्षांतली निम्मी परीक्षेच्या घोकंपट्टीत जातात हे मी तिला स्पष्ट सांगितलं. उरलेल्या निम्म्यात प्रोजेक्ट, इंटर्नशिप आणि बरोबरची पोरं. माझ्या मते किंमत त्याचीच.

एमसीए पूर्वी तीन वर्षांचं होतं, २०२०-२१ पासून दोन वर्षांचं झालं, म्हणजे एमबीएइतकंच. बीसीए झालेल्या मुलीने एमसीएच करावं आणि धंद्याचा भाग मोंढ्यातून शिकावा, असं माझं मत. तिने मधेच जर्मनीही काढली. तिकडे बऱ्याच सरकारी विद्यापीठांत फी नाही हे खरं, पण व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावा लागतो. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती रक्कम ११,९०४ युरो ठरली. रुपयांत दहा-बारा लाख. दादा ते ऐकून नुसता उठून बाहेर गेला.

इथली गणितं जरा बरी आहेत. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश सरकारी कॅप फेरीतून असेल तर. मॅनेजमेंट कोट्याला नाही. म्हणजे सगळं सीईटीवर आलं. पण पुण्यातली कॉट आणि मेस कोण माफ करणार? दादाने ते क्विंटलमध्ये मोजलं. दोन वर्षांचं राहणं-खाणं म्हणजे किती क्विंटल हळद, हे त्याने पट्टीच्या पाठीमागे लिहून काढलं आणि म्हणाला, "भाव असाच राहिला तर."

वसमत हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. त्याने दादाच्या कट्ट्याला नेमके किती रुपये जास्त पडले, हे मी दोनदा विचारलं. तो म्हणतो, मला काय माहीत, तू कम्प्युटरवाला, तूच काढ.

ते काम मी पुतणीवर सोपवलंय. तिने मागच्या पाच वर्षांच्या पट्ट्या पत्र्याच्या डब्यातून काढून एक्सेलमध्ये भरायला घेतल्यात. काल रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला. "काका, २०२२ च्या एका पट्टीवर आजोबांचं नाव आहे, पण कट्टे तर बाबांचे होते. हे कुणाच्या खात्यात धरू?"

आज दुपारी फोन करतो तिला.