खंडाळ्याचा टापा

मांडव्याला बोटीतून उतरून अलिबागची वाट धरली की उजव्या हाताला, समुद्राकडे, नवगाव. फुटलेल्या जहाजातून सात पुरुष आणि सात बायका या किनाऱ्याला लागल्या, बुडालेल्यांना इथंच पुरलं, असं कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राईल, पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. दफनभूमी आणि स्मारक आजही तिथं आहे. जहाज कधी फुटलं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. वंशजांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आडनावंही गावांवरून: किहीमकर, पेणकर, नवगावकर. हिब्रू ग्रंथ हाताशी नव्हते, तरी शनिवार, सुंता आणि शमा प्रार्थना टिकली. माझ्या लेखी जहाजाच्या तारखेपेक्षा ही चिकाटीच मोठी.

पण मला जायचं होतं खंडाळ्याला. घाटातल्या नव्हे, अलिबागजवळच्या. दिवस तू बिश्वातचा, शवाट महिन्याच्या पंधराव्या तिथीचा, जानेवारी-फेब्रुवारीत येतो. हे झाडांचं नवं वर्ष. मुळात रुक्ष हिशेबाचा दिवस: कुठलं फळ कुठल्या वर्षाच्या दशमांशात धरायचं, ते ठरवणारा. कोकणानं त्याचा एलियाहू हन्नाबीचा उरूस केला! एलियाहू हन्नाबी, म्हणजे बायबलातला संदेष्टा एलिया, अग्निरथातून स्वर्गात गेला तो यार्देनपलीकडून. इथली श्रद्धा वेगळी. त्याच्या रथाची आणि घोड्यांच्या टापांची खूण खंडाळ्याच्या कातळावर उमटली म्हणतात. तोच हा टापा. खुणा पाहिल्या. भूगर्भशास्त्रज्ञ वेगळं काही सांगेल, पण नवस बोलायला आलेल्यांना त्याची गरज नाही.

नवस फेडायचा तो मलिद्यानं. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, खवलेला नारळ, वेलची; भोवती फळं. पोहे-नारळ अस्सल कोकणातले, पण वर म्हटले जाणारे आशीर्वाद हिब्रू आणि नियम काटेकोर. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा. केळं या दुसऱ्या रांगेत, कारण केळीला लाकडी खोड नाही. केळीच्या बागांत राहणाऱ्यांना हे पटायला अवघड नसावं.

परतताना अलिबागच्या इस्राईल आळीत 1848 साली स्थापन झालेलं मागेन अबोथ सिनेगॉग लागतं. आळीतली बहुतेक घरं 1948 नंतर हळूहळू इस्रायलला गेली. तिथं तू बिश्वातला रोपं लावतात. कोकणातून गेलेल्यांच्या घरी मात्र पोहेही भिजतात.