काय झाडी, काय हाटील... आणि काय ईएमआय!

सांगोला म्हटलं की हल्ली लोकांना एकच आठवतं. जून २०२२मध्ये तिथले तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीच्या हॉटेलातून फोनवर बोलले आणि ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ घराघरात पोहोचलं. गंमत म्हणजे खुद्द सांगोल्यात यातलं फारसं काही नाही. पुण्याहून इंदापूर, अकलूज, वेळापूर करत निघा. उसाचा हिरवा पट्टा मागे पडतो आणि माळरान सुरू होतं. पाऊस कमी, ऊन सॉलिड! पण याच माळावर डाळिंब पिकलं. देशातली शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२०ला इथूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली.

या गावची बरीच पोरं आता पुण्यात नोकरीला. त्यांच्या मोबाइलवर मेसेज येतो : महाबळेश्वरला नाहीतर कोकणात रिसॉर्टमधली एक खोली घ्या, वर्षाला १५ दिवस फुकट राहा, वर ८ टक्के भाड्याची गॅरंटी. म्हणजे झाडी, डोंगार, हाटील सगळं स्वतःचं. टेम्प्टिंग आहे राव!

काढा कॅल्क्युलेटर. समजा खोली ३० लाखांची. ६ लाख खिशातले, २४ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी १५ वर्षांसाठी. (अशा खोलीला साधं होम लोन मिळेलच असं नाही. बँकेनं व्यापारी मालमत्ता धरली तर व्याज चढतं.) हप्ता साधारण २५,८००. गॅरंटीचं भाडं २०,०००. मेंटेनन्स ३,००० धरला तर महिन्याला ८,८०० आपलेच. वर्षाचे झाले लाखावर. १५ रात्रींना भागा : ‘फुकट’ रात्र पडली सात हजारांना! हप्त्यातलं मुद्दल मालकीत जमा होतं, मान्य. पण दुसऱ्याला अशी खोली विकायला निघा, मग कळेल गिऱ्हाईक किती.

शिवाय गॅरंटी बहुतेकदा दोन-तीन वर्षांचीच. पुढे वर्षात ११० रात्री ३,०००नं गेल्या आणि बुकिंग साइट, स्टाफ, लाइट, धुलाईत निम्मे गेले, तर महिन्याला हातात पावणेचौदा हजार. हप्ता तोच.

सांगोल्यातल्या बागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. तेल्या आला की बहार गेला. खोडकिडीनं तर इथल्या उभ्या बागा काढायला लावल्या. सोसायटीचा हप्ता कधी थांबला नाही. म्हणून त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘वाईट वर्षी काय?’ २०२०च्या लॉकडाऊनमध्ये रिसॉर्टवाल्यांचंही तेच झालं.

आणि खोलीच नावावर होणार नसेल, नुसत्या ‘रूम नाइट्स’ मिळणार असतील, तर पॅनकार्ड क्लब्ज आठवा. हॉलिडे प्लॅनच्या नावावर पन्नास लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरले. फेब्रुवारी २०१६मध्ये सेबीनं ७,०३५ कोटी परत करायचा आदेश दिला, तरी लोक त्यानंतर वर्षानुवर्षं चकरा मारत राहिले.

तेव्हा महारेरा नोंदणी बघा, खरेदीखत कुणाच्या नावानं होणार ते विचारा, गॅरंटीवर सही कुणाची तेही. जमलं तर एखाद्या रविवारी सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात चक्कर मारा. खिल्लार घेणारा दात मोजतो, बैल चालवून बघतो. तोवर खिशात हात घालत नाही. एजंटाकडे तुम्हीही गेल्या दोन वर्षांचं बुकिंग रजिस्टर मागा. जुलै-ऑगस्टच्या पानांसकट!