अम्मींचा आवाज

रमजानमध्ये सहरीची भांडी आवरता आवरता अम्मी हम्द म्हणतात, नात म्हणतात. त्यांच्या आईकडून ऐकून पाठ झालेल्या. कुठे लिहिलेल्या नाहीत. यंदा त्यांना दम लागू लागला, ओळ मध्येच तुटू लागली. तेव्हा आम्ही मियाँ-बीवींनी ठरवलं की, आवाज आहे तोवर तो नीट रेकॉर्ड करून ठेवायचा. मोबाईलवर करून पाहिलं, पण अम्मींपेक्षा पंखाच जास्त ऐकू येई. म्हणून यूएसबी माइक आणला. आता प्रश्न आला सॉफ्टवेअरचा.

अकरावीतल्या थोरल्याने मित्राच्या पेनड्राइव्हवरून एफएल स्टुडिओ आणला. "कितीला मिळालं?" आम्ही विचारलं. "अब्बू, क्रॅक आहे. सगळे तेच वापरतात."

परीक्षेत कॉपी पकडणारे आम्ही. पण लगेच रागावता आलं नाही. उर्दूच्या प्रश्नपत्रिका आम्हीही कित्येक वर्षं इनपेजच्या अशाच फुकट कॉपीवर टाइप केल्या होत्या. मुलाने तेच दाखवून दिलं. आम्ही कबूल केलं, "चुकलंच आमचं. कंपनी मोठी असो की लहान, मेहनतीचा हक्क तिचा आहे. अल्लाहची हम्द दुसऱ्याचा हक्क मारून नोंदवायची नाही."

त्याला पटलं नाही. त्याने त्यातच अम्मींची एक नात घेतली, सूर यंत्राने सरळ केला, श्वासाचे आवाज कापले आणि मोठ्या कौतुकाने दादीला ऐकवली. अम्मींनी शेवटपर्यंत ऐकली. मग विचारलं, "अच्छा है बाबा. पन ये कौन गारी?"

पोरगा काही बोलला नाही. रात्री त्यानेच ते सॉफ्टवेअर काढून टाकलं.

मग आम्ही बसून हलाल पर्याय पाहिले. गॅरेजबँड मोफत आहे, पण फक्त अ‍ॅपलच्या यंत्रांवर चालतं. आमचा लॅपटॉप जुना, विंडोजचा. रीपर 60 दिवस पूर्ण वापरून पाहता येतं, नंतर घरगुती परवाना 60 डॉलरचा. अनेक आवाज, अनेक ट्रॅक जुळवायचे असतील तर ते उत्तम. ऑडॅसिटी 2000 सालापासून सर्वांसाठी खुलं आणि मोफत आहे. आम्हाला वाद्यं नकोत, एकच आवाज हवा. ऑडॅसिटी पुरेसं होतं.

पंखा बंद केला, खिडकीला गोधडी लावली. अम्मींनी सुरुवात करण्याआधी पाच सेकंद खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड केली. तेवढा भाग निवडून नॉइज रिडक्शनला नमुना दिला की तीच घरघर पूर्ण रेकॉर्डिंगमधून कमी होते. मात्र बेताने, नाहीतर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. मूळ फाइल वेव्हमध्ये जशीच्या तशी ठेवली, लॅपटॉपवर एक आणि पेनड्राइव्हवर एक.

आतापर्यंत सात हम्द-नात झाल्या. दम लागतो तिथे दम लागलेलाच ऐकू येतो. तो आम्ही कापला नाही. परवा रेकॉर्डिंग लावलं तर धाकटी सोबत म्हणू लागली आणि दादी जिथे थांबते तिथेच थांबली. अम्मी हसल्या, म्हणाल्या, "हाँ, अब मैं गारी."

इनपेजची ती कॉपीही आम्ही काढून टाकली. आता प्रश्नपत्रिका मोफत मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्ये टाइप करतो. हात अजून बसायचा आहे, बसेल इन्शाअल्लाह.